निळा, काळा, पांढरा : एका ध्वजाचे वाचन

राष्ट्रध्वजाचा अर्थ सांगण्याची एक ठरलेली रीत आहे. अमुक रंग त्यागाचा, तमुक रंग शांतीचा, तिसरा समृद्धीचा, अशी यादी शाळेत पाठ करून घेतली जाते आणि परीक्षेत ती उतरवली की ध्वज 'समजला' असे आपण मानतो. कवितेतील प्रतिमांचा अर्थही आपल्याकडे बऱ्याचदा याच पद्धतीने शिकवला जातो, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको. प्रस्तुत लेखात आम्ही एका लहान युरोपीय देशाच्या ध्वजाकडे वळत आहोत, ते या रीतीविषयी थोडी शंका घेण्यासाठी. हा देश म्हणजे बाल्टिक समुद्राच्या काठावरचा एस्टोनिया.

एस्टोनियाचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढे आहे आणि लोकसंख्या जेमतेम तेरा-चौदा लाख. त्याच्या ध्वजावर एकाखाली एक तीन समान आडवे पट्टे आहेत : वर निळा, मध्ये काळा, खाली पांढरा. त्यावर सिंह नाही, क्रूस नाही, तारा नाही. एस्टोनियन माणूस आपल्या ध्वजाला बहुतेक वेळा 'ध्वज' म्हणतही नाही. तो म्हणतो 'सिनिमुस्तवाल्गे'. निळा, काळा आणि पांढरा हे तीन शब्द एकत्र करून झालेला हा एकच शब्द आहे. आपल्या व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर हा सामासिक शब्द होय, आणि 'तिरंगा' या आपल्या शब्दाप्रमाणे तोही बहुव्रीही : पदे रंगांची, निर्देश मात्र तिसऱ्याच वस्तूचा. या समासाची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे. वाचकांनी ती लक्षात ठेवावी.

वाचनमंडळात जन्म

या ध्वजाचा जन्म रणांगणावर झाला नाही, तसा राजदरबारातही झाला नाही. तो झाला विद्यार्थ्यांच्या एका वाचनमंडळात. साहित्याच्या अभ्यासकांना तो जवळचा वाटावा याचे पहिले कारण हेच.

एकोणिसाव्या शतकात आजचा एस्टोनिया रशियन साम्राज्याचा भाग होता. जमीन, चर्च, नगरपालिका आणि विद्यापीठ यांवर वर्चस्व मात्र बाल्टिक जर्मनांचे होते. एस्टोनियन बोलणारे लोक मुख्यतः शेतकरी होते. साम्राज्याच्या एस्टलँड प्रांतात १८१६ साली आणि लिव्होनिया प्रांतात १८१९ साली भूदासपद्धती रद्द झाली, तरी जमिनीची मालकी उमरावांकडेच राहिली. तार्तूच्या विद्यापीठात, ज्याला तेव्हा जर्मन नावाने दोरपाट म्हणत, शिक्षणाची भाषा जर्मन होती. शेतकऱ्याचा मुलगा शिकला की तो जर्मन होतो, ही त्या समाजाची सर्वसाधारण समजूत आणि बऱ्याच अंशी वस्तुस्थितीही होती.

अशा वातावरणात 'कालेविपोएग' हे महाकाव्य प्रसिद्ध झाले. लोककथा आणि लोकगीते यांच्या आधारे एस्टोनियन लोकांचे महाकाव्य रचण्याची कल्पना फॅलमान या वैद्याची. त्याच्या मृत्यूनंतर हे काम क्रॉइट्सवाल्ड या दुसऱ्या वैद्याने पूर्ण केले. १८५७ ते १८६१ या काळात ते मूळ एस्टोनियन आणि जर्मन भाषांतर अशा जोडीने छापले गेले, आणि १८६२ साली त्याची सामान्य वाचकांसाठीची आवृत्ती फिनलंडमधील कुओपिओ येथे निघाली. सुमारे एकोणीस हजार ओळींच्या या काव्यातील फार मोठा भाग लोकपरंपरेतून जसाच्या तसा आलेला नाही. तो क्रॉइट्सवाल्डने लोकगीतांच्या छंदात स्वतः रचलेला आहे. म्हणजे ज्याला राष्ट्राचे प्राचीन काव्य म्हटले गेले ते वस्तुतः एका आधुनिक लेखकाचे लेखन होते. तरीही ते वाचणाऱ्यांनी त्यात स्वतःला ओळखले, आणि इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले ते हे ओळखणे.

१८७० च्या मार्चमध्ये तार्तूतील काही एस्टोनियन विद्यार्थी आणि सुशिक्षित मंडळी हे महाकाव्य एकत्र वाचण्यासाठी जमू लागली. या बैठकांना 'कालेविपोएग संध्या' असे नाव पडले. आपल्या भाषेतील ग्रंथ घेऊन बसायचे, तो वाचायचा आणि त्याविषयी आपल्याच भाषेत बोलायचे, एवढाच कार्यक्रम. जर्मन विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांच्या दृष्टीने मात्र हे साधे काम नव्हते. विचार करण्याची भाषा म्हणून त्यांनी आपली बोली प्रथमच वापरात आणली. याच बैठकांतून पुढे 'एस्टोनियन विद्यार्थी संघ' उभा राहिला, आणि निळा-काळा-पांढरा ध्वज हा मुळात या संघाचा ध्वज आहे.

उसने व्याकरण

विद्यार्थ्यांच्या संघाला रंग कशासाठी हवेत, असा प्रश्न आपल्याला पडेल. त्याचे उत्तर जर्मन विद्यापीठांच्या परंपरेत आहे. तेथील प्रत्येक विद्यार्थिसंघाचे आपले रंग असत, बहुधा तीन. त्या रंगांच्या टोप्या आणि फिती परिधान करून सभासद गावात मिरवत. तार्तूतील बाल्टिक जर्मन विद्यार्थ्यांचे असे संघ आधीपासूनच होते. त्यांतील एकाचे नावच 'एस्टोनिया' होते आणि त्याचे रंग हिरवा, जांभळा आणि पांढरा. या 'एस्टोनिया'त एस्टोनियन शेतकऱ्याच्या मुलाला त्याची भाषा घेऊन प्रवेश नव्हता. एस्टोनियन विद्यार्थ्यांनी स्वतःचा संघ काढायचे ठरवले तेव्हा त्यांच्या देशाचे नाव आधीच घेतले गेलेले होते. त्यांनी मग 'विरोनिया' हे नाव निवडले आणि १८८१ च्या सप्टेंबरात निळा, काळा, पांढरा हे रंग ठरवले.

म्हणजे तीन रंगांची ही कल्पना एस्टोनियन परंपरेतून आलेली नाही. ती उसनी आहे, आणि ज्यांच्या वर्चस्वाविरुद्ध उभे राहायचे होते त्यांच्याकडूनच घेतलेली आहे. आम्हांला यात कमीपणा दिसत नाही. इंग्रजी वळणाचा निबंध घेऊन इंग्रजी राज्याविरुद्ध लिहिणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या वाचकांना तरी हा मार्ग अपरिचित वाटू नये. चिन्हाचे व्याकरण सत्ताधाऱ्यांचे असले तरी त्यात केलेले विधान आपले असू शकते. ते विधान समोरच्यांना नेमके कळलेही. संघाला विद्यापीठाची मान्यता मिळाली नाही. रंगीत टोप्या घालून बाहेर पडलेल्या एस्टोनियन विद्यार्थ्यांवर १८८२ साली जर्मन विद्यार्थी धावून गेले. तीन रंगांच्या टोपीला आक्षेप नव्हता. ती कोणाच्या डोक्यावर आहे याला होता.

१८८३ साली साहित्यिक स्वरूपाची संस्था म्हणून विद्यार्थी संघाला नोंदणी मिळाली. पण ध्वज, टोप्या आणि रंग हे प्रकरण संशयास्पदच राहिले.

ओतेपॅ, १८८४

तरीही १८८४ च्या वसंतात ध्वज शिवला गेला, रेशमी कापडाचा. तो शिवणाऱ्या हात स्त्रियांचे होते. त्यांत मीना हेर्मान ही तरुणीही होती, जी पुढे मीना हॅर्मा या नावाने एस्टोनियाच्या आद्य संगीतकारांपैकी एक म्हणून गाजली. विद्यापीठात तेव्हा स्त्रियांना प्रवेश नव्हता. ज्या संघाच्या बैठकीला त्या सभासद म्हणून बसू शकत नव्हत्या, त्याचा ध्वज त्यांनी शिवून दिला.

ध्वजाला आशीर्वाद देण्याचा विधी तार्तूत करणे शक्य नव्हते. विद्यार्थी दक्षिणेस सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेल्या ओतेपॅ या खेड्यात गेले, आणि ४ जून १८८४ रोजी तेथील पाद्र्याच्या निवासस्थानी हा विधी झाला. पुढे पन्नास वर्षांनी, १९३४ साली, ओतेपॅच्या चर्चच्या भिंतीवर या प्रसंगाची शिल्पे बसवण्यात आली. सोव्हिएत काळात ती फोडली गेली आणि तो काळ सरत आल्यावर पुन्हा बसवली गेली. ४ जून हा आज एस्टोनियाचा ध्वजदिन आहे.

त्या दिवशी मात्र हा राष्ट्राचा ध्वज नव्हता. तो काही डझन विद्यार्थ्यांच्या संघाचा ध्वज होता, आणि विधीनंतर तो बहुतेक काळ घडी करून ठेवलेलाच असे. मग तो राष्ट्राचा झाला कसा? कोणी ठराव केला म्हणून नव्हे. १८६९ साली तार्तूत पहिला एस्टोनियन गीतोत्सव भरला होता, आणि अशा उत्सवांतून, सभांतून, मंडळांतून लोक एकत्र येण्याची सवय वाढत होती. या मेळाव्यांतून विद्यार्थ्यांचे रंग हळूहळू खेड्यांत पोहोचले. १८९७ साली मार्टिन लिप्प या पाद्री-कवीने या ध्वजावर कविता लिहिली. 'लिप्प' या एस्टोनियन शब्दाचा अर्थच 'ध्वज' असा आहे, हा योगायोग त्या भाषेच्या वाचकांना नेहमीच गमतीचा वाटत आला आहे. १९२२ साली एन वर्कने या कवितेला चाल दिली. १९१७ च्या वसंतात पेट्रोग्राडच्या रस्त्यांवर सुमारे चाळीस हजार एस्टोनियन लोक स्वायत्ततेची मागणी करत निघाले तेव्हा त्यांच्या हातात हेच रंग होते. २४ फेब्रुवारी १९१८ रोजी तालिनमध्ये स्वातंत्र्याची घोषणा झाली. दुसऱ्याच दिवशी जर्मन सैन्य शहरात आले. ते गेल्यावर, २१ नोव्हेंबर १९१८ रोजी, हंगामी सरकारने हा ध्वज स्वीकारला आणि १२ डिसेंबरला तो तालिनच्या टेकडीवरील 'पिक हेर्मान' म्हणजे 'उंच हेर्मान' या मध्ययुगीन मनोऱ्यावर चढला. त्याचा कायदा झाला २७ जून १९२२ रोजी. कायदा सर्वांत शेवटी आला, वापर त्याच्या कितीतरी आधी.

अर्थ मागाहून येतात

आता प्रतीकार्थाकडे वळू. निळा म्हणजे आकाश, सरोवरे आणि समुद्र; शिवाय निष्ठा. काळा म्हणजे मायभूमीची माती, शेतकऱ्याचा पारंपरिक काळा कोट. शिवाय गुलामीचा अंधारा भूतकाळ. पांढरा म्हणजे बर्फ, बर्चची साल, उन्हाळ्यातील उजळ रात्री. शिवाय ज्ञानाची आस. हे सर्व अर्थ आज सांगितले जातात, आणि ते खोटे आहेत असे आम्ही म्हणणार नाही.

पण या यादीकडे थोडे थांबून पाहावे. तीत दोन वेगळ्या यादी मिसळल्या आहेत. एक निसर्गाची : आकाश, माती, बर्फ. दुसरी इतिहासाची आणि नीतीची : निष्ठा, अंधार, ज्ञान. पहिल्या यादीत काळा रंग चांगला आहे, कारण माती अन्न देते. दुसऱ्या यादीत तोच काळा रंग दुःखाचा आहे. एकाच पट्ट्यावर दोन विरोधी अर्थ सुखाने नांदतात, आणि कोणालाही त्याची अडचण वाटत नाही. याचा अर्थ असा की रंगांत अर्थ भरून ठेवलेला नव्हता. प्रत्येक पिढीने आपल्या गरजेप्रमाणे तो त्यात वाचला.

दुसऱ्या यादीमागे आम्हांला एका भाषणाची सावली दिसते. १८६८ साली कार्ल रोबर्ट याकोबसन या लेखक-पत्रकाराने तार्तूतील एका सभेत एस्टोनियन लोकांच्या इतिहासाचे तीन काळ पाडले : प्राचीन प्रकाशाचा काळ, जर्मन विजेत्यांनी आणलेला अंधाराचा काळ आणि आता उगवू लागलेली पहाट. इतिहासकार या मांडणीला आज भाबडी म्हणतील. पण ती १८७० साली छापली गेली आणि एका पिढीच्या मनात रुजली. प्रकाश, अंधार, पहाट ही त्रयी मनात असलेल्या माणसाने निळा, काळा, पांढरा असा ध्वज पाहिला तर तो त्यात कोणती कथा वाचील? हे आमचे वाचन आहे, विद्यार्थ्यांच्या हेतूविषयीचा दावा नव्हे. पण लेखकाचा हेतू आणि वाचकाला सापडलेला अर्थ यांतील अंतर आपण कवितेत मान्य करतो, तर ध्वजात का करू नये?

सर्वांनाच हे रंग पटले होते असेही नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत वेगळ्या रचना सुचवल्या गेल्या. पुढे २००१ साली पट्ट्यांऐवजी हेच रंग शेजारच्या नॉर्डिक देशांसारख्या क्रूसाच्या आकृतीत मांडावेत अशी सूचना एका पत्रकाराने केली. देश कोणत्या कुटुंबातला दिसावा, हा त्यामागचा प्रश्न. सूचना मान्य झाली नाही. आमच्या मते त्याचे कारण सौंदर्यदृष्टीत शोधू नये, ते पुढील पन्नास वर्षांच्या कथेत आहे.

समासाचा विग्रह

जून १९४० मध्ये सोव्हिएत सैन्याने एस्टोनियाचा ताबा घेतला आणि पिक हेर्मानवरचा ध्वज उतरला. १९४१ ते १९४४ जर्मन कब्जा होता. त्या काळात हे रंग पूर्णतः निषिद्ध नव्हते. जर्मनांच्या बाजूने लढणाऱ्या एस्टोनियन तुकड्यांच्या गणवेशाच्या बाहीवर ते दिसत. ध्वजाच्या इतिहासातले हे पान झाकून ठेवण्यासारखे नाही. ज्याने रंग वापरायची मुभा दिली त्याने देश परत दिला नव्हता. सप्टेंबर १९४४ मध्ये जर्मन सैन्य माघार घेत असताना ओट्टो टीफ यांच्या नेतृत्वाखाली एस्टोनियन सरकार स्थापन झाले आणि मनोऱ्यावर पुन्हा निळा-काळा-पांढरा चढला. २२ सप्टेंबरला लाल सेना तालिनमध्ये शिरली. ध्वजाला मिळालेले ते मोजके दिवस.

त्यानंतर साडेचार दशके ध्वज गुन्हा ठरला. १९५३ साली सोव्हिएत एस्टोनियाला जो ध्वज मिळाला तो लाल होता आणि त्याच्या खालच्या भागात निळ्या-पांढऱ्या लाटा होत्या. निळा चालत होता, पांढराही चालत होता. काळाही सुटा असेल तर चालणारच, कारण रंगावर बंदी घालता येत नाही. बंदी होती ती तीन रंगांच्या सान्निध्यावर. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर पदांना मुभा होती, समासाला नव्हती.

अशा बंदीचा एक परिणाम सत्तेच्या ध्यानात सहसा येत नाही. ती लोकांना सूक्ष्म वाचक बनवते. जे उघड लिहिता येत नाही ते लोक सर्वत्र वाचू लागतात. १९६० च्या दशकात एस्टोनियाचा राष्ट्रीय पक्षी म्हणून घरांच्या वळचणीला घरटे करणारी पाकोळी निवडली गेली, आणि राष्ट्रीय फूल म्हणून राईच्या शेतात उगवणारे निळे रुक्किलिल. या पाकोळीची पाठ निळसर काळी आणि पोट पांढरे असते. निवड करणाऱ्यांच्या मनात काय होते हा भाग आपण सोडून देऊ. आकाशातून जाणाऱ्या त्या पक्ष्यात तीन रंग एकत्र दिसतात, आणि पाहणाऱ्याला तेवढे पुरते.

१४ ते १७ एप्रिल १९८८ या दिवसांत तार्तूमध्ये वारसा-जतनाचे कार्यक्रम झाले. गोर्बाचेव्हच्या धोरणाने दार किलकिले झाले होते, पण बंदी उठली नव्हती. कार्यकर्त्यांनी तीन वेगवेगळे ध्वज आणले : एक निव्वळ निळा, एक निव्वळ काळा, एक निव्वळ पांढरा. यांतला कोणताही ध्वज बेकायदा नव्हता. ते शेजारी शेजारी धरले गेले. समासाचा विग्रह करून तो कायद्याच्या डोळ्यांदेखत पुन्हा जुळवलेला होता. एकशे सात वर्षांपूर्वी याच गावातल्या विद्यार्थ्यांनी हे रंग निवडले होते.

धुराड्यातील रेशीम

यापुढचा क्रम वेगाने घडला. १९८८ च्या जूनमध्ये तालिनच्या गीतोत्सवाच्या मैदानावर लोक रात्रभर गात राहिले आणि तेथे उघडपणे ध्वज फडकले. २३ जूनला सोव्हिएत एस्टोनियाच्याच विधिमंडळाने हे राष्ट्रीय रंग म्हणून मान्य केले. २४ फेब्रुवारी १९८९ रोजी पिक हेर्मानवर लाल ध्वजाच्या जागी निळा-काळा-पांढरा चढला. ७ ऑगस्ट १९९० रोजी तो पुन्हा अधिकृत राज्यध्वज झाला, आणि २० ऑगस्ट १९९१ रोजी देश स्वतंत्र. क्रम येथेही तोच राहिला, ध्वज आधी आणि राज्य मागाहून.

या सोहळ्यात सर्वच सामील नव्हते हे नमूद करणे आवश्यक आहे. सोव्हिएत काळात रशिया व अन्य प्रजासत्ताकांतून येऊन एस्टोनियात स्थायिक झालेल्या लोकांची संख्या मोठी होती. त्यांतील अनेकांना १९८९ चा तो क्षण मुक्तीचा वाटला नाही, आपण परके ठरत आहोत असे वाटले. आजही लोकसंख्येचा साधारण चौथा हिस्सा रशियन वंशाचा किंवा रशियन बोलणारा आहे. 'मायभूमीची माती' हा काळ्या पट्ट्याचा अर्थ त्यांच्या मुलांनाही आपला म्हणता येतो का, या प्रश्नाचे उत्तर रंगांच्या यादीत मिळणार नाही. ते शाळांत, भाषाधोरणात आणि नागरिकत्वाच्या कायद्यांत लिहिले जात आहे. अर्थ वापरातून घडतो असे म्हटल्यावर तो अजून पूर्ण झालेला नाही, हेही मान्य करावे लागते.

आणि १८८४ साली शिवलेल्या त्या मूळ रेशमी ध्वजाचे काय झाले? १९४३ साली, युद्ध चालू असताना, विद्यार्थी संघाच्या सभासदांनी तो योगेवा भागातील एका शेतघरात नेला आणि धुराड्याच्या बांधकामात दडवून वर विटा लावून टाकल्या. ज्यांना ती जागा ठाऊक होती त्यांच्यापैकी काही परदेशी गेले. वरच्या खोल्यांत लोक राहत होते, चूल पेटत होती, आणि देश अस्तित्वात नसल्याच्या सगळ्या काळात त्याचा पहिला ध्वज त्या भिंतीत होता. स्वातंत्र्य परत मिळाल्यावर तो बाहेर काढला गेला. आज तो तार्तूच्या एस्टोनियन राष्ट्रीय संग्रहालयात आहे. संग्रहालयाची नवी वास्तू २०१६ साली उघडली, ती जुन्या सोव्हिएत लष्करी विमानतळाच्या धावपट्टीला जोडून बांधली आहे.

पिक हेर्मानवरचा ध्वज आता रोज सूर्योदयाला चढतो, पण सकाळी सातच्या आधी नाही. तो सूर्यास्ताला उतरतो, पण रात्री दहानंतर नाही. उत्तरेकडच्या उन्हाळ्यात सूर्य फार लवकर उगवतो आणि फार उशिरा मावळतो, म्हणून कायद्याला ही मर्यादा घालावी लागली. वर्षातून एकदा, २३ जूनच्या रात्री, उन्हाळ्यातील सर्वांत उजळ रात्रीच्या सणाला, ध्वज उतरवतच नाहीत.

विद्यार्थ्यांना 'निळा म्हणजे काय' असे कोणी विचारले तर त्यांनी आकाश जरूर सांगावे. पण त्याच्या पुढे एवढे जोडावे, की काही मुले परक्या भाषेच्या विद्यापीठात आपल्या भाषेतले एक पुस्तक वाचायला जमली होती, आणि त्या वाचनातून हा रंग निघाला.